नारळबागेचा लाभार्थी

९ ऑगस्ट २०२३, बुधवार

एका नारळाच्या रोपाचा खरा खर्च आजच लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी फुकटची बाग म्हणायला नको. रोप कोकणातून आणलं, दोनशे वीस. गाडीभाडं चाळीस. खड्डा एकशे दहा. त्यात कारखान्याची मळी, शेणखत, नदीची वाळू, एकशे ऐंशी. ठिबक तीनशे दहा. काटेरी तार दोनशे नव्वद. मजुरी एकशे साठ. एकूण तेराशे दहा. सरकार तीन वर्षांत मिळून झाडामागे साडेसातशे अनुदान देणार. आणि खालची जमीन धरली तर झाडामागे आणखी साडेसात हजार. हा शेवटचा भागाकार बायकोला, जहिराला, दाखवलेला नाही.

आज एकशे विसावं रोप लागलं. शेवटचं रोप मीच लावलं, गुडघे टेकून. गोरक्षनाथ बांधावर बसून बिडी ओढत होता. म्हणाला, "भाई, नमाजाला बसल्यावानी बसला की."

हे दोन एकर त्याच्या वडिलांचे. कॅनॉलचं पाणी उसाला देऊन देऊन जमीन चोपण झाली, उन्हाळ्यात वर मिठाचा पांढरा पापुद्रा येतो. दहा वर्षं तिथं काही उगवलं नाही. मी नारळाचा व्यापारी. बेलापूर स्टेशनावर हातगाडी लावली तेव्हापासून आजच्या मार्केटमधल्या गाळ्यापर्यंत नारळावरच आलो. जे झाड समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात उभं राहतं, त्याला आमच्या चोपणाचं काय भय? चर खोदून खारं पाणी नाल्याला काढून दिलं की झालं. ही अक्कल शिकलेल्यांना सुचली नाही, मला सुचली.

फेब्रुवारीत गोरक्षनाथच्या मुलीची, सुकन्याची, डॉक्टरकीच्या कॉलेजची उरलेल्या वर्षांची फी भरायची होती. मी नऊ लाख दिले, त्याने पाचशेच्या स्टॅम्पवर जमीन दिली. सातबारा मात्र त्याच्याच नावावर. आमच्या घराण्यात कोणी शेतकरी नाही, आणि शेतकरी नसेल त्याला शेतजमीन घेता येत नाही असा कायदा आहे. म्हणून अनुदानाचा अर्जही त्याच्याच नावाने. पैसे त्याच्या खात्यावर येणार, तो मला आणून देणार. एवढंच म्हणाला, "घरी काय बोलू नका, आई हाय तवर. वडिलार्जित हाय." मी म्हटलं, बरं.

लोक म्हणतील, इतका भरवसा? मी नारळ कानाशी धरून हलवला की आत पाणी किती, खोबरं किती जाड, सगळं सांगतो. माणूसही तसाच वाजवून घेतो. तीस वर्षांत कान एकदाही खोटा पडला नाही. आणि हेही लिहून ठेवतो: तीन वर्षांत सरकारच्या कागदावर या बागेपुढे सत्तार बागवान हे नाव लागलेलं असेल.

२४ नोव्हेंबर २०२३

पहिला हप्ता पंचेचाळीस हजार. गोरक्षनाथने बँकेतून काढून तसेच्या तसे आणले, वर्तमानपत्रात गुंडाळून. मोजायला लागलो तर चिडला. मग मी न मोजता ठेवले आणि तो गेल्यावर मोजले. बरोबर होते. मोजल्याची लाज वाटली.

११ फेब्रुवारी २०२४

गोरक्षनाथची आई गेली. नव्वदीची होती. चला, आता त्याला घरात मोकळेपणाने सांगता येईल. सांगितलंही असेल. असल्या दिवसांत मी काय विचारणार.

९ एप्रिल २०२४, पाडवा

गोरक्षनाथकडे जेवायला. पुरणपोळी, वर तुपाची धार. जेवण झाल्यावर दगडाबाई वहिनींनी मला टॉवेल-टोपी दिली, हातावर नारळ ठेवला, आणि म्हणाल्या, "भाई, सालभर नीट बघा बागंकडं." भरून आलं. माझ्याच गाळ्यावरचा नारळ, ते मी वाजवताच ओळखलं.

त्यांच्या सालगड्याचंही साल पाडव्यालाच ठरतं. त्यालाही त्याच गठ्ठ्यातली टॉवेल-टोपी मिळाली. आम्ही दोघे टोप्या घालून ओसरीवर बसलो तर अंगदने, गोरक्षनाथच्या मुलाने, फोटो काढला. खूप हसलो.

घरी जहिराने टॉवेल उलटापालटा करून पाहिला. विचारलं, हे कशाबद्दल. म्हटलं, मान दिला. टॉवेल तिने कपाटात ठेवला नाही, मोरीजवळ टांगला.

१८ जून २०२४, मंगळवार

आज गोरक्षनाथ गाळ्यावर आला. नारळ उतरवायची घाई होती, तरी गेला नाही, पोत्यावर बसून राहिला. हमाल गेल्यावर म्हणाला, "भाई, प्रांताकडं परवानगी मागू. शेतकरी नसला तरी परवानगीनं घेता येती म्हणत्यात. लागू दे वर्ष. तुमचं नाव लागलं की माझ्या जिवाचं वझं उतरंल."

मी त्याला अनुदानाचा कागद दाखवला. त्यात स्पष्ट आहे, लाभार्थ्याने तीन हप्ते पूर्ण होईपर्यंत जमीन दुसऱ्याला द्यायची नाही. दिली तर घेतलेलं व्याजासह परत, पुढचंही बंद. म्हणजे नव्वद हजारांवर पाणी. मी म्हटलं, गोरख, एवढी पुढच्या सालची तपासणी होऊ दे, शेवटचा हप्ता पडू दे, दुसऱ्या दिवशी प्रांताच्या दारात उभे राहू. तोवर तू काय पळून जाणार आहेस?

"पळतोय कुठं," म्हणाला आणि हसला. हसताना ठसका लागला. पाणी दिलं.

जाताना पायरीवर थांबला. "घरी पन एकदा बसू भाई. तुमी, मी, दगडी, अंगद." मी म्हटलं, बसू की, घाई काय. भोळा माणूस. कागद नसला की त्याला चैन पडत नाही, आणि मला जबान पुरते. लोकांचं बरोबर उलटं असतं.

२६ सप्टेंबर २०२४

दुसऱ्या वर्षाची तपासणी. कृषी खात्याच्या पंकजा मॅडम आल्या. शंभरात नव्वद झाडं जिवंत पाहिजेत, म्हणजे एकशे वीसला एकशे आठ. आपली निघाली एकशे सोळा. मॅडमनी चर पाहिले, खाली वाकून माती चाखली, आणि म्हणाल्या, "गोरक्षनाथराव, या चोपणात अशी बाग मी पाहिली नाही. कुठून शिकलात?"

गोरक्षनाथ हात जोडून उभा. माझ्याकडे बघायला लागला. मी टेपचं दुसरं टोक धरलं होतं, तिकडूनच मान हलवली, बोल म्हटलं. तो म्हणाला, "असंच, विचारून विचारून." मॅडमनी त्याचा झाडाजवळ फोटो काढला. त्यात माझा अर्धा हात आला आहे.

माझे कान तिखट, हे बाजाराला माहीत आहे. तारेपलीकडे अंगदच्या मित्राने त्याला विचारलं, ते तीस पावलांवरून ऐकलं. "हा म्हातारा कोन?" अंगद म्हणाला, "चाचा. बाग वाट्यानं केलीय त्यांनी." पोरगं हुशार. बापाने सांगितलेलं दिसतं, बाहेर असंच बोलायचं म्हणून. अनुदान संपेपर्यंत हेच बरं.

मेलेल्या चार जागी नवी रोपं लावून घेतली.

२२ जानेवारी २०२५

गावात शेतकरी ओळखपत्राचं शिबिर. यापुढे त्या नंबराशिवाय कुठलंच अनुदान नाही. गोरक्षनाथचं काम दहा मिनिटांत झालं. मी सहजच मशीनपुढे बसलो, बघू तर काय म्हणतं. आधार टाकला, अंगठा लावला. मुलगी म्हणाली, तुमच्या नावावर जमीन दिसत नाही, काका. मागे लाइन आहे.

बाहेर गोरक्षनाथ उन्हात बसला होता. डोळे पिवळे दिसले. म्हटलं, बिडी कमी कर. दोनदा काहीतरी सांगायला तोंड उघडलं त्याने. मग ठिबकाच्या नळ्या उंदरांनी कुरतडल्यात, त्याबद्दल बोलला.

३१ मार्च २०२५, ईद

काल पाडवा, आज ईद. काल त्यांच्याकडून टॉवेल-टोपी आली, आज मी शीरखुर्म्याचा डबा घेऊन गेलो. गोरक्षनाथ खाटेवर होता. दोन चमचे खाल्ले आणि डबा वहिनींकडे दिला. पोटावर सूज आहे. नगरला दाखवलं, लिव्हर म्हणतात. पोरगी शेवटच्या वर्षाला आहे, ती रिपोर्ट वाचते आणि घडी घालून ठेवते.

त्याने माझा हात धरला. "भाई, सप्टेंबर कवा येतंय?"

मी म्हटलं, येईल की, काय एवढं. त्याच्या बोलण्यात पहिल्यांदा मला काही पोकळ वाजलं. ते पोटातल्या पाण्यामुळे होतं की आणखी कशामुळे, आज लिहितानाही कळत नाही.

जहिराला सांगितलं. ती म्हणाली, आत्ता जा आणि चौघांसमोर कागद काढा. आजारी माणसापुढे कागद काढू? ती म्हणाली, मग कोणापुढे काढणार? मी जेवलो नाही. पण गेलोही नाही.

१४ मे २०२५

गोरक्षनाथ गेला. सकाळी सव्वाअकरा. मला फोन अंगदने केला. म्हणाला, "चाचा, बापू गेले," आणि फोन चालूच राहिला. मागे वहिनींचा आवाज येत होता. बराच वेळ ऐकत उभा होतो. फोन ठेवायचं कोणालाच सुचेना.

२७ मे २०२५

काल तेरावा झाला. आज स्टॅम्प खिशात घालून गेलो. मनात जुळवलं होतं: आधी जमिनीचं म्हणायचं नाही, वारसनोंदीचं विचारायचं, त्यातून विषय काढायचा.

मला तोंड उघडावं लागलंच नाही. वहिनी स्वतःच बोलल्या. मोठ्याने, सगळ्या पाहुण्यांना ऐकू जाईल असं. "भाई, तुमी काळजी करू नका. जाताना ह्यांनी अंगदला जवळ घेतलं, म्हणले, सत्तारभाईला बागंतून काढायचं न्हाई. निम्मा वाटा बिनबोभाट द्यायचा. लई जीव लावलाय त्यानं."

मी विचारलं, वहिनी, निम्मा?

"बापूंनी ठरवल्यावानीच," अंगद म्हणाला. "तुमचे कष्ट, आमची जमीन. आमी काय बदलनार न्हाई, चाचा."

मी चहा पीत होतो. कप खाली ठेवला. सगळं ओळीने आठवायला लागलं. टॉवेल-टोपी. सालभर नीट बघा. बाग वाट्यानं केलीय. सगळं माझ्या कानांनी ऐकलेलं. एकही शब्द लपून बोललेला नव्हता.

मग सहज विचारल्यासारखं विचारलं, सुकन्याच्या कॉलेजचं बापूंनी कसं जमवलं होतं? अंगद म्हणाला, शुगर फॅक्टरीकडे उसाचे मागचे पैसे होते, ते एकदम मिळाले. वहिनी म्हणाल्या, "वाडवडलांच्या मातीला हात न लावता पोरगी डॉक्टर केली ह्यांनी. दुसऱ्या कोनाला जमलं सांगा." आतल्या खोलीत सुकन्या फोनवर कोणाला तरी तेच सांगत होती आणि रडत होती.

स्टॅम्प खिशातून काढला नाही. घामाने ओला झाला होता.

२८ मे

खरं काय ते लिहितो. काल कागद काढला नाही तो दोस्ताची अब्रू राखायला, असं जहिराला सांगितलं. निम्मं खरं आहे. निम्मं असं, की कागद काढला आणि अंगदने तो वाचून हसून परत दिला तर? तेवढं ऐकायची छाती नव्हती.

गोरखने मला फसवलं का? पैसा एक रुपया खाल्ला नाही. मरताना माझी आठवण काढली. फक्त घरात खरं सांगायला जीभ वळली नाही, आणि ज्या दिवशी वळली त्या दिवशी मी म्हटलं, घाई काय.

३ जुलै २०२५

श्रीरामपूरला आप्पासाहेब वकिलांकडे. जुने गिऱ्हाईक, प्रत्येक गणपतीला माझ्याकडून नारळ नेतात. स्टॅम्प दोनदा वाचला. म्हणाले, रजिस्टर नाही, हे एक. तुम्ही शेतकरी नाही, हे दोन. "हा कागद कोर्टात ठेवलात सत्तारभाई, तर पहिला प्रश्न तुम्हालाच, जमीन घेतलीच कशी. आणि दुसरा, गोरक्षनाथच्या नावाचं अनुदान कोणाच्या खिशात गेलं."

मी विचारलं, गेल्या सालच्या जूनमध्ये प्रांताकडे गेलो असतो तर?

ते चष्मा पुसत राहिले. म्हणाले, विकणारा स्वतः परवानगी मागायला येतो तेव्हा बरंच काही होतं. नव्वद हजारांची खोट बसली असती, एवढंच.

फी घेतली नाही. नारळही नको म्हणाले.

१६ जुलै

गेलो नाही बागेत. आठवडा झाला.

१७ जुलै

गेलो. कुठल्या तरी गड्याने चर बुजू दिला होता, खालच्या ओळीतल्या तीन झाडांची पानं करपली. दिवसभर फावडं मारलं. कोणाच्या जमिनीत मारलं, ते मनात आणलं नाही.

२ सप्टेंबर २०२५

वारसनोंद झाली. सातबारावर अंगद, सुकन्या, दगडाबाई. अंगदचं शेतकरी ओळखपत्रही निघालं. शेवटचा हप्ता, अठरा हजार, आता त्याच्या नावाने येणार. तो पेढे घेऊन गाळ्यावर आला. माझा हिस्सा नऊ हजार, आधीच सांगून टाकलं.

मग म्हणाला, "चाचा, एक बोलायचं हुतं. तपासणी होऊन हप्ता पडला की तीन हप्त्यांची अट संपती, मॅडम म्हनल्या. मग जमीन विकायला मोकळी. सुकन्याला दवाखाना टाकायचाय. एक पार्टी आलीय, बागेसकट घेती. चांगला भाव देती, बाग बघूनच."

पेढा तोंडात होता. गिळला.

"तुमालाच आधी विचारलं असतं," अंगद म्हणाला. मनापासून म्हणाला, पोराच्या आवाजात खोट नव्हती. "पन तुमी शेतकरी न्हाई ना चाचा. तुमच्या नावावर व्हत न्हाई."

मी म्हटलं, व्हय, ते आहेच.

११ सप्टेंबर

आज जहिरा म्हणाली, झाडं एकशे आठच्या खाली गेली तर? हप्ता नाही, अट उठणार नाही, विक्री लांबेल. तोवर काही मार्ग काढा.

ही बाई माझ्याहून हुशार आहे. बागेत गेलो. सध्या उघडीप आहे, वरच्या टप्प्यातली लहान झाडं ठिबकावरच आहेत. कॉक बंद केला. आणि नाल्याकडचा चर मातीने दाबला. आठ दिवस खारं पाणी मुळाशी राहिलं की खालच्या दोन ओळी बसतील, मला माहीत आहे. शिकलेल्यांना नाही, मला माहीत आहे.

बांधावर गोरखच्या जागी बसलो. दीड-दोन तास झाले असतील. नारळाच्या पानाचा वाऱ्यात एक आवाज येतो, कोरडा, सुपात धान्य पाखडल्यासारखा. तो ऐकत होतो. मग उठून चर मोकळा केला आणि कॉक उघडला. जहिराला सांगितलं, जमलं नाही.

१९ सप्टेंबर २०२५, शुक्रवार

शेवटची तपासणी. मॅडम सकाळी दहाला आल्या. गोरक्षनाथ गेल्याचं त्यांना आजच कळलं, हळहळल्या. मग मोबाईल काढून ओळीने झाडं मोजायला लागल्या. मी पुढे चाललो, प्रत्येक झाडावर हात ठेवत. एकशे सतरा. खालच्या ओळीतली ती तीन गेलीच.

मॅडम म्हणाल्या, तालुक्यात एवढी जगलेली बाग दुसरी नाही. "वडिलांचं नाव राखलंत," अंगदला म्हणाल्या. तो खाली बघून पायाने माती उकरत राहिला. भला मुलगा आहे. म्हणाला, "मला काय येत न्हाई मॅडम. हे समदं चाचांचं."

मॅडम माझ्याकडे वळल्या. मला वाटलं, आता विचारतील, कुठून शिकलात. गेली दोन वर्षं ते उत्तर तोंडात तयार होतं. मॅडमनी विचारलं, "नाव काय तुमचं?" सांगितलं. त्या टाइप करत होत्या. अंगदला विचारलं, हे कोण लागतात. तो जरा अडखळला, वाटेकरी म्हटलं तर अनुदानाला अडचण येईल की काय म्हणून असेल. मग म्हणाला, बाग तेच राखतात.

गाडीतल्या छोट्या मशीनवर कागद काढला. मी चष्मा लावून पूर्ण वाचला, मग मराठीत सही केली. लाभार्थी, अंगद गोरक्षनाथ. क्षेत्र ऐंशी आर. जिवंत झाडे एकशे सतरा. पाहणीच्या वेळी उपस्थित, सत्तार बागवान, राखणदार.